ओळंबा, उस्ताद आणि पडद्यावरचा वर्ग

बांधकामाची विद्या हाताखाली राबून घ्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत. उस्तादाने ओळंबा सोडावा, शागिर्दाने निरखावे. घाणीत मळलेला चुना बोटांत घेऊन पारखावा. प्रश्न फारसे विचारायचे नसत. १५९१ साली चारमिनार उभारणारे कारागीर याच रीतीने तयार झाले असतील.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि स्थापत्याचे वर्ग घरोघरच्या पडद्यावर भरू लागले. त्याआधीच, २००३ साली सुरू झालेल्या एनपीटीईएल प्रकल्पातून आयआयटीतील अध्यापकांचे पाठ मिळू लागले होते. सोय मोठीच, परंतु पडद्यावरून ‘समजले ना?’ असे विचारताच वर्ग चिडीचूप! मुले मंद असतात म्हणून नव्हे. वडीलधाऱ्यांना उलट विचारू नये, हा संस्कार आपणच त्यांना दिला. समोरासमोरच्या वर्गात चेहरा पाहून शिक्षक अडचण ओळखतो. कॅमेरा बंद असला की तीही वाट खुंटते. मग न समजलेले तसेच राहते आणि पुढे त्याच मुलाच्या सहीने गच्ची पडते.

दुसरी गोष्ट हाताची. तीस सेंटिमीटर उंचीचा शंकू उचलल्यावर काँक्रीट किती खचते, हे पडद्यावर छान दिसते. पण पाणी जास्त झाल्याचा पहिला सुगावा फावड्याला लागतो. तो पडद्याला कसा लागावा?

तिसरी भाषेची. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाचे म्हणून निघाले; त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ चे. घरी मराठी आणि शिक्षणात उर्दू, असा संसार आपल्या वाडवडिलांनी केला. २०२१ पासून काही महाविद्यालयांना मराठी, तेलुगू आदी भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी मिळाली, हे चांगलेच झाले. तरी हैदराबादच्या बांधकामावर तेलुगू, दखनी आणि परप्रांतीय मजुरांची हिंदी चालते. ती बोली पाठात नसते. मिस्त्रीपाशी उभे राहूनच ती येते.

म्हणून पडदा टाकून द्यावा असे नाही. मुलाने रात्री पाठ जरूर ऐकावा. पण सुटीच्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीपाशी त्याला घेऊन जावे, थापी हाती द्यावी. आणि घरी आपणच त्याला सांगावे, ‘बाळ, समजले नाही तर विचार. विचारण्यात बेअदबी नाही.’ एवढे आपल्या हाती आहे.