फ्लाइंग राणीची वस्त्रे

राणी म्हटली म्हणजे तिच्या वस्त्रांची गोष्ट ओघानेच येते. पहाटे सुरतेहून निघून मुंबई सेंट्रल गाठणारी आणि संध्याकाळी परत फिरणारी फ्लाइंग राणी ही आगगाडीही त्याला अपवाद नाही. गाडीचा रंग उतारूंना शोभेपुरता वाटतो. परंतु डब्याचे पोलाद गंजू नये ही रंगाची पहिली कामगिरी असते आणि डबा कोणत्या जातीचा आहे हे कामगाराला दुरून ओळखू यावे ही दुसरी. शोभा तिसरी, आणि तीही जमल्यास!

या लोहमार्गाचा आरंभच मुळी सुरतेच्या बाजूने झाला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची पहिली गाडी 1860 साली तापीच्या पैलतीरावरील उत्राणहून अंकलेश्वरला गेली. मुंबईशी सांधा जुळला तो 1864 मध्ये. राणीचा जन्म 1906 चा मानतात. तिचे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने ठेवले, असे सांगितले जाते. मध्ये ती बंद पडली, 1937 साली पुन्हा धावू लागली, महायुद्धाने पुन्हा थांबली आणि 1950 मध्ये परत आली. 1965 साली तर मध्यम पल्ल्याच्या गाड्यांत ती देशातील सर्वांत वेगवान गाडी ठरली.

येथे मराठी वाचकाला दख्खनच्या राणीची आठवण व्हावी हे साहजिकच आहे. ती 1930 साली निघाली तेव्हापासूनच तिचा थाट निराळा होता. सात-सात डब्यांच्या तिच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिच्यावर लाल किनार, आणि दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. सुरतेच्या राणीला, वयाने थोरली असूनही, स्वतःचे खास वस्त्र मिळण्यास 1976 साल उजाडावे लागले. त्या वर्षी तिच्या डब्यांना फिकट आणि गडद अशा दोन हिरव्या छटा देण्यात आल्या. इतर बहुतेक गाड्या त्या काळी विटकरी रंगाच्या असत. बिडाच्या ब्रेकठोकळ्यांची भुकटी आणि इंजिनाची काजळी त्या रंगात लपून जाई, हा त्याचा गुण. अशा विटकरी गर्दीत हिरवी गाडी फलाटावर शिरली म्हणजे वाचता न येणाऱ्या उतारूलाही ती कोणती, हे विचारावे लागत नसे. पुढच्याच वर्षी तिला विजेचे इंजिन लागले.

18 डिसेंबर 1979 रोजी राणीला दुमजली डबे जोडण्यात आले. बसून प्रवास करण्याच्या दुमजली डब्यांची ही देशातील पहिलीच गाडी. वर विजेची तार असल्याने डबा हवा तितका उंच करता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत खालचा मजला खोल बसवावा लागतो. खालच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्यामुळे फलाटावरची पावलेच येतात! परंतु याच युक्तीने, गाडीची लांबी न वाढवता, नवसारी, वलसाड, वापीच्या पासधारकांना अधिक जागा मिळाली. रंगापेक्षा हा लाभ कितीतरी मोठा होता.

1990 नंतरच्या दशकात देशभरचे डबे निळे होऊ लागले. पुष्कळांना ती केवळ हौस वाटली, पण निळा रंग ही एक खूण होती. जुन्या डब्यांत निर्वात ब्रेक असे. गाडीभर फिरलेल्या नळीतील हवा इंजिन सतत ओढून घेई. नळीत हवा सोडली की ब्रेक लागत. नव्या पद्धतीत नळीत दाबाखालची हवा भरलेली असते, आणि तो दाब कमी केला की ब्रेक लागतात. त्यामुळे लांब आणि जड गाडीही कमी अंतरात थांबते. असा दाबाचा ब्रेक बसवलेला डबा निळा, अशी रीत पडली. म्हणजे विटकरी आणि निळा हा भेद आवडीनिवडीचा नसून सुरक्षिततेचा होता.

दुमजली डबे साडेत्रेचाळीस वर्षे चालले. 16 जुलै 2023 पासून त्यांच्या जागी एलएचबी जातीचे डबे आले. मुळात जर्मनीहून आलेला हा नमुना गंजरोधक पोलादाचा असतो आणि अपघातात एक डबा दुसऱ्यावर चढू नये अशी त्याची जोडणी असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल योग्यच म्हटला पाहिजे. तथापि एका डब्यात मावणारी माणसे कमी झाली, आणि पासधारकांची हळहळ हिरव्या-निळ्या रंगांपेक्षा त्या गेलेल्या बाकांसाठी अधिक होती, हेही नाकारता येणार नाही. दख्खनच्या राणीला 2022 साली असेच डबे देताना निराळी रंगसंगती मुद्दाम आखून घेण्यात आली. सुरतेच्या राणीला मात्र देशभरच्या शेकडो गाड्यांचा तोच लाल-करडा रंग मिळाला. तिला ओळखायचे असेल, तर आता पाटीवरचा 12921 किंवा 12922 हा क्रमांक वाचावा लागतो.