शहरी वन्यजीव : पिंजऱ्यापलीकडचे संरक्षण

शहरात दिसलेला वन्य प्राणी म्हणजे वाट चुकून आलेला जीव आणि त्याला पकडून दूरच्या जंगलात सोडले की प्रश्न मिटतो, या दोन समजुतींचा पगडा शहरी वन्यजीवांविषयीच्या धोरणावर दीर्घकाळ होता. महाराष्ट्राच्या गेल्या पंचवीस वर्षांतील अनुभवाने त्या दोन्ही खोट्या ठरवल्या. मुंबई आणि ठाणे यांच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (एसजीएनपी) आणि त्याला लागून असलेल्या आरे वसाहतीत बिबटे पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असल्यामुळे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून त्यांची स्वतंत्र ओळख पटवता येते, आणि याच पद्धतीने २०१५ मध्ये येथे ३५ बिबटे मोजले गेले. इतक्या दाटीने ते जगू शकतात याचे एक कारण जंगलाबाहेर आहे : वस्त्यांच्या कडेला साचणारा कचरा भटक्या कुत्र्यांना पोसतो आणि ही कुत्री बिबट्यांचे सहज मिळणारे भक्ष्य ठरतात.

स्थलांतराच्या उपायातील धोका प्रथम स्पष्ट झाला तो पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात. तेथे पकडलेले बिबटे इतरत्र सोडण्याचा धडाका सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले. बिबट्या आपल्या ठरावीक हद्दीत जगतो. तेथून उचललेला प्राणी अनोळखी मुलखात बिथरलेल्या अवस्थेत भटकतो आणि त्याच्या रिकाम्या जागी लवकरच दुसरा बिबट्या येतो. मुंबईच्या उद्यानातही बाहेरून पकडलेले बिबटे सोडले जात होते, आणि २००२ ते २००४ या काळात तेथे हल्ल्यांची भीषण मालिका घडली. त्यानंतर धोरण बदलू लागले. २०११ मध्ये वनविभागाने संशोधक व नागरिक यांच्यासह ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला, ज्यात कचरा वेळेवर उचलणे, रस्त्यांवर व शौचालयांजवळ दिवे लावणे, अंधार पडल्यावर मुलांना एकटे न सोडणे आणि पोलिसांना गर्दी हाताळण्याचे प्रशिक्षण देणे यांवर भर होता. पाड्यांवर वाघोबा या वाघ-बिबट्यांच्या देवाला पुजणाऱ्या वारली कुटुंबांना या शेजाराची जाण पूर्वीपासूनच होती. नव्याने शिकायचे होते ते इमारतींतील रहिवाशांना. हल्ले पूर्णपणे थांबले नाहीत, २०२१ मध्ये आरेत पुन्हा अनेक जण जखमी झाले. तरी बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावायचा नाही, हे तत्त्व रुजले.

गर्दी हा शहरातील बचावकार्याचा सर्वांत अवघड भाग असतो, हे डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातील कोथरूड परिसरात शिरलेल्या गव्याच्या मृत्यूने दाखवून दिले. जमावाच्या पाठलागाने बिथरलेला तो प्राणी भुलीचे इंजेक्शन देऊन पकडल्यानंतर काही वेळातच मरण पावला. अतीव भीती आणि धावपळ यांमुळे गव्यासारख्या किंवा हरणांसारख्या प्राण्यांच्या स्नायूंची झीज होऊन त्याचे विषारी परिणाम हृदयावर व मूत्रपिंडावर होतात. या विकाराला ‘पकड-स्नायुविकार’ म्हणता येईल, आणि त्यामुळे बाहेरून जखम नसलेला प्राणीही दगावू शकतो. म्हणूनच बघ्यांना हटवून जनावराला परतीची वाट मोकळी ठेवणे, हा बहुतेक वेळा पकडण्यापेक्षा श्रेयस्कर उपाय असतो.

बचाव आणि पुनर्वसन यांत फरक आहे : बचाव काही तासांत संपतो, तर पुनर्वसन म्हणजे उपचारांनंतर प्राण्याला शिकार, उड्डाण आणि माणसाचे भय या क्षमतांसह निसर्गात परत पाठवण्याची दीर्घ प्रक्रिया. काच लावलेल्या मांजाने घारीच्या पंखाचा पडदा किंवा स्नायुबंध कापला गेला, तर जीव वाचूनही ती पुन्हा उडेलच असे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन व अन्य कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमारास जखमी पक्ष्यांचा ओघ सुरूच असतो. लहान पिलांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. हाताने वाढवलेले पिलू माणसालाच आपला पालक मानू लागते आणि मोकळ्या जगात टिकत नाही. उडायला शिकताना जमिनीवर उतरलेल्या अनेक पिलांना त्यांचे आईबाप भरवतच असतात, तेव्हा त्यांना ‘वाचवून’ घरी नेणे हे प्रत्यक्षात त्यांची ताटातूट करणे ठरते. ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची पिले संध्याकाळी त्याच जागी ठेवून मादीची वाट पाहण्याची जुन्नर परिसरातील पद्धत याच जाणिवेतून आली आहे.

या कामाला कायद्याची चौकटही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार संरक्षित प्राणी परवानगीशिवाय पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा असल्याने सर्पमित्रांसह प्रत्येक स्वयंसेवकाला वनविभागाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. तरीही किती प्राणी पकडले आणि किती सोडले, या आकड्यांनाच यश मानण्याची प्रथा टिकून आहे, कारण सोडल्यानंतर प्राणी जगला की नाही याचा मागोवा घेणे खर्चिक असते. हा मागोवा पुनर्वसनाचा अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे. त्याचबरोबर कचरा, दिवे, मांजा आणि गर्दी हे विषय वनविभागापेक्षा महापालिका व पोलीस यांच्या अखत्यारीत अधिक येतात. त्यामुळे शहरी वन्यजीवांचे संरक्षण हे नगरप्रशासनाचे नित्य काम म्हणून त्याच्या अंदाजपत्रकात येत नाही, तोवर उपचार केंद्रांकडे येणाऱ्या जखमी प्राण्यांची रांग कमी होणार नाही.