भट्टी बंद झाल्यावर

कामिकात्सूत दारोदार कचरा गोळा करणारी गाडी नाही. जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमाच्या डोंगरात विखुरलेलं हे दीड हजारही वस्ती नसलेलं गाव. निम्मी माणसं पासष्टीच्या पुढची. ज्याचा कचरा त्यानंच गावच्या संकलन केंद्रावर आणायचा. गाडी चालवणं झेपत नाही अशांकडे तेवढी गावाची गाडी दोन महिन्यांतून एकदा जाते.

केंद्रात शिरताना नाक आपोआप आक्रसतं, पण वास येत नाही. कारण खरकटं इथे घेतच नाहीत. त्याचं खत घरीच करायचं, त्यासाठीच्या यंत्राला गाव अनुदान देतं. उरलेल्याचे चाळीसहून अधिक प्रकार. दुधाचा खोका कापून, धुऊन, वाळवून सपाट करून आणायचा. आतून चंदेरी अस्तर असलेला खोका वेगळा. बाटल्या काचेच्या रंगाप्रमाणे, त्यांची झाकणं निराळी. आरसे, थर्मामीटर, लायटर, एकदा वापरून टाकायच्या जेवणाच्या काड्या, सगळ्यांना आपापली जागा. लोक डिकीतून पिशव्या उतरवतात आणि डब्यांपुढून फिरत एकेक वस्तू टाकत जातात. अडलं की कर्मचाऱ्याला विचारतात. खरं काम मात्र घरच्या मोरीत आधीच उरकलेलं असतं.

पाट्या वाचायला थांबावं. वस्तू कुठे जाणार, तिचं काय होणार, आणि किलोमागे गावाला किती येन मिळणार किंवा मोजावे लागणार, हे डब्यागणिक लिहिलंय. कागद-धातूंचे पैसे येतात, बऱ्याच गोष्टींचे जातात. आपल्याकडे ‘ओला’ आणि ‘सुका’ लिहिलं की पाटीचं काम संपतं. पुढे त्याचं काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही.

हे सगळं पाहून ‘जपानी शिस्त’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हेच गाव 1990 च्या दशकात खड्ड्यात उघड्यावर कचरा जाळत होतं. मग दोन छोट्या भट्ट्या आल्या. कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी डायऑक्सिनचे नियम कडक झाले आणि काही वर्षांतच त्या बंद कराव्या लागल्या. नवी भट्टी परवडेना, सगळा कचरा बाहेर जाळायला पाठवणंही परवडेना. जे वेगळं काढू ते जाळण्याच्या खर्चातून वाचतं, हा हिशेब आधी आला. 2020 पर्यंत जाळण्या-पुरण्याजोगं काही उरू द्यायचं नाही, ही घोषणा त्यानंतरची, 2003 सालची.

केंद्राच्या शेजारीच ‘कुरुकुरु’ नावाचं फुकट दुकान आहे. गावकऱ्यांनी नको असलेली भांडी, कपडे, खेळणी आणून ठेवायची, कुणीही न्यायची. नेताना फक्त वजन नोंदवायचं.

आज सुमारे 80 टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. जपानची सरासरी 20 च्या आसपास आहे. पण 2020 उलटलं आणि उरलेला पाचवा हिस्सा तसाच आहे. त्याच्या डब्याचं नावच मुळी ‘काही केल्या जाळावंच लागणारं’ अशा अर्थाचं. या उरलेल्या हिश्श्यात डायपर, रबर, चामडं, पीव्हीसी. तान्ह्या बाळांच्या घरी गावानं कापडी लंगोट देऊन पाहिले. म्हाताऱ्यांच्या डायपरवर तोडगा नाही. आणि कापड, रबर, चामडं एकत्र चिकटवलेला जोडा कुठल्याही मोरीत सुटा होत नाही. तो जाळण्याचा खर्च गाव भरतं, जोडा बनवणारी कंपनी नाही.