नियंत्रक-निर्देशन, गतिक
संगणकाच्या पडद्यावरील प्रपत्रात असलेल्या मजकूरपेटी, कळ, यादी इ. नियंत्रकांचा उल्लेख ठरावीक नावाने न करता, आज्ञावली चालू असताना जुळविलेल्या नावाने वा क्रमांकाने करण्याची पद्धती. प्रपत्रात चाळीस मजकूरपेट्या असल्यास चाळीस ओळी लिहिण्याऐवजी ‘टेक्स्टबॉक्स’ या शब्दास १ ते ४० हे अंक क्रमाने जोडून प्रपत्राच्या ‘कंट्रोल्स’ या संग्रहातून ती ती पेटी मिळविता येते.

व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत (१९९८) या संग्रहात प्रपत्रावरील सर्वच नियंत्रक येत. शिवाय एकाच नावाचे अनेक नियंत्रक क्रमांकाने ओळखण्याची सोय होती. २००२ मधील डॉट नेट आवृत्तीत ती वगळण्यात आली. डॉट नेटमध्ये चौकटीत ठेवलेला नियंत्रक त्या चौकटीच्याच संग्रहात जातो. त्यामुळे पेट्या नुसत्या चौकटीत हलविल्या, तरी तोवर बिनचूक चालणाऱ्या आज्ञावलीस त्या सापडेनाशा होतात. २००५ च्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली ‘फाइंड’ ही सोय आतल्या चौकटींतही शोध घेऊ शकते.

जुळविलेल्या नावातील चूक मात्र आज्ञावलीचे भाषांतर करणाऱ्या संकलकास कळत नाही. ती बहुधा वापरणाऱ्यासमोरच उघडकीस येते. म्हणून नियंत्रक थोडे असल्यास सरळ नावे लिहिणेच श्रेयस्कर. पुष्कळ असल्यास आरंभी त्यांची सारणी करतात. तीत नावे थेट लिहिलेली असल्याने संकलकाकडून ती तपासली जातात.