दोन लंगड्या गाड्यांची एक धड गाडी



बॉयलर पेटला की आपल्या सर्वांची धावपळ सुरू होते. तोडीची चिठ्ठी हातात पडते, टोळी फडात उतरते, आणि बेणे, खताची पोती, डिझेलचे कॅन, वाढ्याचे भारे हे सारे ओढायला घरची पिकअप लागते. ऐन हंगामात तीच बसली तर माणसाचा हातच मोडतो. म्हणून हंगामापूर्वी या पानावर आम्ही एका दुरुस्तीची हकिकत देत आहोत. ती आम्ही स्वतः वस्तीवर जाऊन पाहिली.

आपल्या एका सभासदाच्या घरी दोघे सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांच्या वाट्याला एकेक जुनी पिकअप आली. दोन्ही एकाच बनावटीच्या, पुढे सरळ एक्सल आणि त्यावर पाटे. थोरल्याच्या गाडीचा पुढचा डावा मेन पाटा मोडला होता, किंगपिनही खिळखिळे झाले होते. धाकट्याच्या गाडीचे इंजिन बसले होते आणि ती वर्षभर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. मात्र तिच्या पुढच्या भागाचे काम गाडी बसण्याच्या थोडेच आधी झालेले होते.

धाकटा म्हणाला, "दादा, माझीचं पुढचं काढून घे. उभी राहून गंजण्यापरीस बरं."

थोरला तयार होईना. "तुझ्या वाटणीची हाय ती. उद्या लोक म्हणतील, थोरल्यानं खाल्ली."

त्यावर ओसरीवरून आई म्हणाली, "आधी कागद करा, मग पान्याला हात लावा." आणि तसेच झाले. धावती गाडी दोघांची, आठवडा-आठवडा पाळीने वापरायची, डिझेल वापरणाऱ्याचे, दुरुस्ती निम्मी निम्मी. दोघांच्या सह्या झाल्या, मग मिस्त्रींना निरोप गेला.

मिस्त्रींनी आधी दोन्ही गाड्या तपासल्या. चाक उचलून वर-खाली धरून हलवले. खडखड लागली तेव्हा एकाला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिनचा. ही परीक्षा कोणाही सभासदाला घरी करता येईल. धाकट्याच्या गाडीचे किंगपिन घट्ट निघाले, म्हणून पाटे आणि एक्सल दोन्ही तिचेच घ्यायचे ठरले. पाट्यांची संख्या, लांबी, रुंदी आणि मधल्या बोल्टाचे अंतर दोन्हीकडे मोजून पाहिले. एकाच बनावटीच्या गाड्यांतही मागच्या मालकाने वजनासाठी जादा पाटा घातलेला असू शकतो.

कामाची रीत अशी. गाडी सपाट जागी घेऊन मागच्या चाकांना ओंडके लावले. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मग जॅकने उचलून चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, हे आम्ही ठळक सांगतो. जॅक केव्हा घसरेल याचा नेम नसतो. गंजलेल्या यू-बोल्टांना आदल्या रात्रीच डिझेल पाजले होते. एक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार देऊन ब्रेकचा पाइप, शॉकअप, स्टिअरिंगचा दांडा, यू-बोल्ट आणि शेवटी शॅकल अशा क्रमाने सुटे केले.

इथे दोन चुका झाल्या. त्या आम्ही झाकून ठेवत नाही, कारण शिकण्यासारखे त्यातच आहे.

पहिली चूक काटकसरीची. उजवा पाटा चांगला दिसतो म्हणून फक्त डावाच बदलला. गाडी खाली उतरवली तर ती उजवीकडे कललेली. बसका जुना पाटा आणि ताठ दुसरा पाटा यांची जोडी जमत नाही. एक बैल थकलेला आणि एक ताजा जुंपला तर जू वाकडेच जाणार! शेवटी दोन्ही पाटे बदलावे लागले.

दुसरी चूक घाईची. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये एक तिरपी पाचर असते. तिच्यामुळे किंगपिनचा वरचा भाग किंचित मागे झुकतो आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येते. ती पाचर एका बाजूला उलटी बसली. वस्तीच्या रस्त्यावर रिकामी गाडी सावकाश चालवून पाहिली, तर ती एका अंगाला ओढू लागली आणि स्टिअरिंग परत येईना. हीच गाडी रात्री भरल्या वजनाने ऊसगाड्यांच्या रांगेतून निघाली असती तर काय झाले असते, या विचाराने आम्हालाही घाम फुटला. मिस्त्री म्हणाले, "सोडताना खडूनं खूण केली असती तर ही वेळ आली नसती." पुन्हा सोडून पाचर नीट बसवली.

काही गोष्टी मात्र जुन्या वापरल्या नाहीत. यू-बोल्ट, मधला बोल्ट, शॅकलचे बुश, ब्रेकचा रबरी पाइप आणि टाय रॉडचे एंड नवीन आणले. लोखंडाचा पाटा एका गाडीचा दुसरीला चालतो, पण ताणलेला बोल्ट आणि झिजलेला गोळा चालत नाही. मधल्या बोल्टाचे डोके एक्सलच्या भोकात बसलेच पाहिजे, नाहीतर एक्सल सरकतो. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळले. चाकांची सरळी दोरीने पाहिली, तरी नंतर तालुक्याला जाऊन अलाइनमेंट करून घेतली. शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, हेही कॅलेंडरवर लिहून ठेवले.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी रचना गाडीत करता येत नाही. तेव्हा त्याच बनावटीचा भाग बसवावा, दुसऱ्याच गाडीचा एक्सल वेल्डिंग करून ठोकू नये. आणि सुटे भाग काढलेली गाडी कायमची निकामी होणार असेल, तर कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवावे. गोठ्याजवळ सांगाडा पडला म्हणजे तिचे कागद संपले असे होत नाही. धाकट्याने तसा अर्ज दिला.

निघताना आम्ही विचारले, मोडलेल्या पाट्याचे काय करणार? थोरला हसून म्हणाला, "लोहाराकडं धाडलाय. त्याचे कोयते होतील." पाट्याचे पोलाद कोयत्याला उत्तम, हे आपल्या टोळ्यांना ठाऊकच आहे.

हंगामाच्या पहिल्या तोडीला गाडी धाकट्याच्या पाळीत होती. टोळीचे सामान फडात उतरवून तो थेट थोरल्याच्या रानात गेला, आणि बेण्याच्या मोळ्या भरू लागला. कागदात असे काही लिहिलेले नव्हते.