अस्थींची साक्ष आणि राज्याची सीमा

सौंसर तालुक्यातील रामाकोना हे कन्हान नदीच्या परिसरातले गाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ते छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. राज्य मध्य प्रदेश, कारभाराची भाषा हिंदी. परंतु बोली मराठी, आणि बाजारहाट, औषधोपचार व सोयरीक यांसाठी पावले वळतात ती नागपूरकडे. कन्हानही त्याच दिशेने जाते आणि नागपूर जिल्ह्यातून वाहत पुढे वैनगंगेला मिळते. अशा मुलखात पुराने ओढून नेलेला माणूस एका राज्यात बेपत्ता ठरतो. काही महिन्यांनी वाळूत सापडलेली त्याची हाडे दुसऱ्या राज्यात बेवारस ठरतात. या दोन नोंदींची गाठ कोणी घालून द्यायची, हा प्रश्न तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्या आमच्या वाचकांनाही परका वाटू नये.

ही गाठ घालून देणारे शास्त्र म्हणजे न्यायवैद्यक मानवशास्त्र. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. जन्माच्या वेळी ती याहून बरीच अधिक असून वाढीबरोबर एकमेकांस जुळत जातात. या जुळण्याला ठरलेला क्रम आहे आणि त्यावरूनच वयाचा अंदाज बांधता येतो. गळ्याच्या हाडाचे छातीकडील टोक सर्वांत शेवटी, पंचविशी-तिशीच्या सुमारास, पूर्णपणे सांधते. स्त्री की पुरुष, याचा निर्वाळा कमरेचे हाड सर्वांत विश्वासाने देते, कारण प्रसूतीच्या गरजेने स्त्रीच्या कमरेची घडण रुंद झालेली असते. मांडीचे हाड उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक भरते. त्यावरून उंची काढता येते. मात्र त्यासाठी वापरली जाणारी अनेक सूत्रे परदेशी सांगाड्यांवरून बसविलेली आहेत. ती सातपुड्यातील शेतमजुराला जशीच्या तशी लावली, तर उत्तर चुकण्याचा संभव असतो.

हाडावरची जखमही बोलते. जिवंतपणी मोडलेले हाड भरून येऊ लागते. मृत्यूच्या सुमारास बसलेला घाव ओल्या हाडावरचा असल्याने त्याच्या कडा वेगळ्या दिसतात. नांगराच्या फाळाने अथवा फावड्याने पुढे कधी तरी तुटलेल्या वाळक्या हाडाची आतली बाजू बाहेरच्या पृष्ठभागाहून फिकी राहते. अपघात, घातपात आणि निव्वळ झीज यांतला हा फरक जाणत्या डोळ्यालाच दिसतो. आणि हाडे जागची हलवून गोणीत भरली गेली, की त्या डोळ्यालाही फारसे काही उरत नाही.

या शास्त्राचे सामर्थ्य गोमंतकाने स्वतः अनुभवले आहे. १६२४ साली इराणमधील शिराझ येथे वध झालेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात आणले होते. सेंट ऑगस्टिनच्या भग्नावशेषांत पुरातत्त्व खात्याला सापडलेल्या एका अस्थीची हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासणी केली. तिच्यातील मातृवंशाची खूण बावीस हजारांहून अधिक भारतीय नमुन्यांत आढळली नाही; जॉर्जियात मात्र ती मिळाली. जुलै २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केला. तुलनेसाठी नमुने हाताशी होते, म्हणूनच चार शतकांपूर्वीच्या अस्थीला नाव मिळू शकले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

राणीला जे लाभले ते रामाकोन्याच्या मजुराला लाभेल काय? बेपत्ता माणसाची सात वर्षे वार्ता न लागल्यास त्याला मृत मानता येते, असे आपला कायदा सांगतो. परंतु ती सात वर्षे त्याच्या पत्नीने कशी काढावयाची? मृत्यूचा दाखला नाही, म्हणून सातबारा असो वा खसरा, वारसाची नोंद अडते. विम्याची रक्कम अडते. विधवा म्हणून मिळणारे निवृत्तिवेतनही अडते. कुंकू पुसावे की ठेवावे, हेही तिला कोणी सांगू शकत नाही. आणि कदाचित त्याच काळात पतीच्या अस्थी शेजारच्या राज्यातील एखाद्या कोठडीत क्रमांकाची चिठ्ठी लावून पडलेल्या असतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाची भेट आवश्यक ठरविली असून राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, नदीकाठी हाडे सापडतात तेव्हा बहुधा गुन्हा नोंदलेला नसतो; महाराष्ट्रात आकस्मिक मृत्यूची, तर मध्य प्रदेशात ‘मर्ग’ची नोंद होते आणि तज्ज्ञाची सक्ती तेथे पोहोचत नाही. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या डीएनए नोंदींची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. खासगीपणाविषयी त्यावर घेतलेले आक्षेप गंभीर होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचे समाधान करणारा मर्यादित कायदा करणे अशक्य नाही.

तोपर्यंत करण्याजोगे पुष्कळ आहे. सांगाडा आढळताच, गुन्हा असो वा नसो, तज्ज्ञास पाचारण करावे. बेपत्ताच्या तक्रारीतच उंची, जुने अस्थिभंग व दातांची माहिती लिहून घ्यावी आणि इच्छुक नातलगांचे नमुने संमतीने जपावेत. सीमेलगतच्या पोलीस ठाण्यांनी दर महिन्याला परस्परांच्या याद्या ताडून पाहाव्यात. नागपूर व सागर येथील प्रयोगशाळांत असा पत्रव्यवहार थेट व्हावा. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा खर्च लागत नाही, इच्छा लागते.

अंत्यसंस्कार हा आपण मृताचा अखेरचा हक्क मानतो. तो देण्यापूर्वी त्याचे नाव शोधून काढणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.