चोवीस परार्ध आणि पाच दिवस

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दहापटीनं चढत जाणाऱ्या संख्यांची नावं दिली आहेत. ती परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, जगभरातल्या लोकांनी आपले घरचे संगणक प्रथिनांच्या हालचाली काढणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पाला जोडून दिले होते. त्या सगळ्यांचा मिळून वेग तेव्हा सेकंदाला सुमारे २४ परार्ध आकडेमोडींवर पोचला. पुण्याच्या सी-डॅकमधला 'ऐरावत' जून २०२३ मध्ये जगातला ७५ व्या क्रमांकाचा महासंगणक ठरला. असे २८० ऐरावत एका जागी आणले तर हा वेग गाठता येईल. आणि २०११ च्या जनगणनेतला सगळा महाराष्ट्र, ११ कोटी २४ लाख माणसं, तान्ह्या बाळांसकट मांडी घालून बसला, प्रत्येकानं न झोपता सेकंदाला एक गणित सोडवलं, तर त्या एका सेकंदाचं काम पुरं व्हायला सुमारे ६७५ वर्षं लागतील. संत नामदेवांच्या काळात बसलेली मंडळी आत्ता कुठं उठली असती.

एवढं बळ हाताशी असूनही स्वयंसेवकाला मिळणाऱ्या कामाच्या तुकड्याला मुदत असायची ती बहुतेकदा दोन-चार दिवसांचीच. इतक्या संगणकांना घाई कसली?

प्रथिनाचा रेणू कसा वळतो ते काढायचं तर त्यातल्या प्रत्येक अणूची जागा अतिशय बारीक अंतरानं पुन्हा पुन्हा मोजावी लागते. एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं धरलं, तर एका सेकंदात ५ वर १४ शून्यं इतकी पावलं होतात. करोना विषाणूच्या प्रथिनांची जी हालचाल या प्रकल्पानं काढली, ती सगळी मिळून भरली ०.१ सेकंद. घरचं एक ग्राफिक्स कार्ड दिवसाला १०० नॅनोसेकंद पुढं सरकतं असं धरलं, तर त्याला एकट्याला हे करायला १० लाख दिवस, म्हणजे २,७०० हून जास्त वर्षं लागली असती.

शेकडो संगणकांना अशा हालचालींचे शेकडो वेगळे धागे वाटून देता येतात. पण एकाच धाग्याचे तुकडे एकामागून एकच करावे लागतात, कारण आधीच्या तुकड्यात अणू जिथं थांबले तिथूनच पुढचा तुकडा सुरू होतो. चासकमानच्या कालव्यावर शेती असलेल्या शिरूरकराला हे वेगळं सांगायला नको: चारीवर एकाची पाळी संपल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडत नाही. एका धाग्याचे १,००० तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा एका दिवसात परत आला, तर काम पावणेतीन वर्षांत होतं. प्रत्येकाला १० दिवस लागले तर २७ वर्षं. मधल्या एकानं संगणक बंद करून गाव गाठलं, तर बाकीचे २४ परार्ध त्या धाग्यासाठी काहीही करू शकत नाहीत. म्हणून मुदत उलटली की तोच तुकडा दुसऱ्याकडं जातो. बार्सिलोनाच्या 'जीपीयूग्रिड'नं मुदत ५ दिवसांची ठेवली, २४ तासांत काम देणाऱ्याला ५० टक्के आणि ४८ तासांत देणाऱ्याला २५ टक्के जादा गुण दिले. इथली घाई मला पूर्ण पटते.

सगळीकडं मात्र ती लागत नाही. 'सेटी ॲट होम' १९९९ पासून २०२० पर्यंत दुर्बिणीच्या नोंदींचे १०७ सेकंदांचे तुकडे वाटत होतं. ते सगळे सुटे असल्यानं कुणी कुणासाठी अडत नव्हतं, आणि मुदत आठवड्यांची होती. ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पानं तर सुमारे वर्षभराची मुदत दिली. सुट्या तुकड्यांनाही अमर्याद वेळ देता येत नाही, हेही खरं. रोज १ लाख कामं वाटली आणि मुदत १४ दिवस ठेवली तर एका वेळी १४ लाख कामं बाहेर अडकू शकतात. ६० दिवस ठेवली तर ६० लाख. त्या सगळ्यांचा हिशेब आणि फाइली सर्व्हरला सांभाळाव्या लागतात. पडताळणीसाठी तेच काम दुसऱ्यालाही दिलेलं असतं, त्याचं उत्तरही तोवर पडून राहतं.

आता शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या घरचा संगणक घ्या. काम ३० तासांचं, आणि अभ्यास, लाईट, घरच्यांच्या वेळा सांभाळून संगणक चालतो रोज ३ तास. लाईट गेली तरी मधे मधे जतन झालेलं काम वाया जात नाही, पण दिवस लागणार १०. पाच दिवसांच्या मुदतीत हे घर बसत नाही, १४ दिवसांत आरामात बसतं. कामाची गरज नसताना आखूड मुदत ठेवणं म्हणजे अशा हजारो घरांना बाहेर ठेवणं आहे, आणि ते चूक आहे.

शिरूर लोकसभा मतदारसंघातच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या परिसरात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत. ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांच्याकडून सेकंदाला ४,८०० कोटी नोंदी येतात, त्या जागच्या जागी आणि त्याच क्षणी जुळवाव्या लागतात. तिथं घरच्या संगणकांना वाव नाही. 'आइन्स्टाइन ॲट होम'मध्ये मात्र तो आहे. लायगो वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधणारा हा प्रकल्प २००५ पासून चालू आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. 'आइन्स्टाइन'च्या कामांची मुदत साधारण १४ दिवसांची असते.

तुमचा संगणक रोज थोडाच वेळ चालत असेल, तर प्रकल्प निवडताना आधी मुदत पाहा. कामाचा साठा एका दिवसापुरताच ठेवा. आणि एखादं काम मुदतीत होणार नाही असं दिसलं, तर ते त्याच दिवशी 'अबॉर्ट' करा, म्हणजे ते मुदत संपायची वाट न पाहता दुसऱ्याला देता येईल.